आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्यात एलएलएम: साताऱ्याच्या पोरीनं करावं की नाही?

माहुलीकर (सातारा)
पुतणी साताऱ्यात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे एलएलएम करणार, तेही आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्यात, असं तिनं जाहीर केलंय आणि घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, सनद घे आणि कोर्टात उभी राहा. मी पुतणीच्या बाजूचा.

वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण, असा हा विषय. १९९८ च्या रोम करारातून हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं, कारभार २००२ पासून. भारत त्याचा सदस्य नाही, मग शिकून काय उपयोग, असं सगळे विचारतात. मला वाटतं, उपयोग इथेच आहे. १९८४ च्या शीख हत्याकांडात सज्जन कुमारला जन्मठेप देताना दिल्ली हायकोर्टानं डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही फट तातडीनं बुजवायला हवी. २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, फट आहे तिथेच आहे. उद्या तो कायदा झाला तर त्यावर भांडायला माणसं फक्त दिल्ली-बंगळूरचीच असायची का?

काळाकोट (सांगली)
हो, तिथलीच असणार. तिथल्या बापांना परदेशी विद्यापीठाची फी झेपते.

माहुलीकर, राग मानू नका. हेगला न्यायाधीश १८, आणि सदस्य देशाचा नागरिक असल्याशिवाय त्या खुर्चीवर बसताच येत नाही. म्हणजे आपली पोरगी तिथूनच बाद. काम इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये, इंटर्नशिप बहुतेक बिनपगारी. इकडे माझ्याकडे एलएलएम झालेले ज्युनिअर येतात. आरोपपत्र हातात दिलं की पहिल्या पानापासून कादंबरीसारखं वाचत बसतात. पंचनाम्यातली वेळ आणि स्टेशन डायरीतली नोंद शेजारी ठेवून बघायची, हे कुठल्या विद्यापीठात शिकवतात सांगा. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच बसलंय, मुंबईच्या खेपा वाचल्या. सातारा-सांगलीच्या फौजदारी वकिलाला एवढे बरे दिवस कधी आले नव्हते, आणि पोरगी निघाली हेगला!

नुसता_वाचक
कुलभूषण जाधवांची केस याच कोर्टात चालली ना? आपल्या आनेवाडीचे ते.

मिरजेची_मास्तरीण
नाही हो, हेग गाव एकच, कोर्टं दोन. जाधवांची केस आंतरराष्ट्रीय न्यायालयात होती, तिथे देश विरुद्ध देश असा दावा असतो. वाद होता वकिलातीला त्यांना भेटू न दिल्याचा, निकाल १७ जुलै २०१९ चा. फौजदारी न्यायालयात पिंजऱ्यात माणूस असतो, देश नव्हे.

अपशिंगेकर (निवृत्त)
मी वकील नाही, फौजी. यूएनच्या शांतिसेनेत कांगोमध्ये गोमाला होतो. बारा-तेरा वर्षांची पोरं रस्त्यावर ट्रक अडवायची. पायात रबरी चपला, खांद्याला एके-४७, दस्ता गुडघ्याला लागायचा. त्याच देशातल्या थॉमस लुबांगाला हेगनं २०१२ मध्ये दोषी धरलं, १५ वर्षांखालची पोरं लढाईत उतरवल्याबद्दल. त्या कोर्टानं दोषी धरलेला पहिला माणूस तो. वकीलसाहेबांना हे पुस्तकी वाटत असेल, मला नाही वाटत. आमच्या भागात घरटी फौजी. युद्धाचा कायदा फौजींच्या पोरींनी नाही शिकायचा तर कुणी?

काळाकोट (सांगली)
साहेब, तुम्हाला सलाम. पण हिशेब बघा. कोर्ट २००२ चं, पहिला निकाल २०१२ ला, शिक्षा १४ वर्षं. कांगोचाच दुसरा नेता बेंबा, त्याला १८ वर्षं ठोठावली, २०१८ ला अपिलात सुटला. पुतिनवर मार्च २०२३ मध्ये वॉरंट निघालं, पुढच्या वर्षी तो मंगोलियात पाहुणचार घेऊन आला. मंगोलिया सदस्य देश आहे बरं का! आमच्या चौकीचा हवालदार समन्स तरी बजावून येतो.

मिरजेची_मास्तरीण
येतो खरा, कधीकधी. 'सदर इसम मिळून आला नाही' हा शेरा तुम्हीही रोज वाचता, म्हणून फौजदारी सोडलीत का? मार्च २०२५ मध्ये फिलिपिन्सच्या माजी अध्यक्षाला, दुतेर्तेला, मनिलात धरून हेगला नेलंच.

आणि काळाकोट साहेब, हा विषय तुमच्या धंद्यापासून लांब नाही. तुम्ही जन्मभर भादंविचं कलम १४९ चालवलंत, आता न्याय संहितेत ते १९०. जमावात जो होता तो गुन्ह्यात. पण जमाव धाडणारा घरी चहा पीत बसला असेल तर? रोम कराराचं कलम २८ म्हणतं, हाताखालची माणसं काय करताहेत हे सेनापतीला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं, तरी त्यानं रोखलं नाही, तर तोही दोषी. हे सिद्ध कसं करायचं, यावर हजारो पानं खर्ची पडलीत.

रवांडाचा अकायेसू घ्या. केस हेगच्या या कोर्टाच्या आधीची, यूएननं रवांडासाठी नेमलेल्या वेगळ्या न्यायाधिकरणातली. तालुक्याएवढ्या भागाचा कारभारी. त्याच्या आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. साक्षीला आलेल्या एका बाईनं बोलता बोलता मुलीवर काय ओढवलं ते सांगितलं. बाकावर न्यायाधीश नवी पिल्लै होत्या, डर्बनच्या तमिळ घरातल्या. त्यांनी तो धागा सोडला नाही, पुढचे प्रश्न विचारले. १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं आणि १९९८ मध्ये बलात्कार हाही वंशसंहाराचा मार्ग असू शकतो, असा निकाल आला. सरतपासात, म्हणजे साक्षीदाराच्या पहिल्या तपासणीत, काय हाती लागू शकतं, हे शिकवायला मला याहून चांगली केस सापडलेली नाही.

काळाकोट (सांगली)
केस झकास आहे, मान्य. घरभाडं कोण देणार?

मिरजेची_मास्तरीण
सीएलएटी पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन मुंबई, नागपूर नाहीतर संभाजीनगरच्या विधी विद्यापीठात एका वर्षात एलएलएम होतं. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात जायलाच हवं असं नाही. अनुसूचित जातीची असेल तर परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आहे. आणि न्यायाधीशपदाची अट वकिलांना लागू नाही. बचावाच्या वकिलांच्या यादीत कुठल्याही देशाचा वकील नाव घालू शकतो. फक्त अनुभव दहा वर्षांचा हवा.

काळाकोट (सांगली)
दहा वर्षं कोर्टात उभं राहायचं! मग मी दुसरं काय सांगतोय?

माहुलीकर (सातारा)
साहेब, ती दहा वर्षं एलएलएमच्या आधी की नंतर, एवढंच भांडण उरलंय. पुतणीनं फॉर्म भरलाय. भावाला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा त्याचा कुणी ओळखीचा इथे असेल तर जरा दमानं.