मदत हवी आहे: तांबूल हा शब्द तांबड्यावरून आलाय का?

मंडळी, डोक्याला भुंगा लागलाय. मागच्या आठवड्यात माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो होतो, येताना प्रसादाचा तांबूल आणला (खाल्ला नसेल त्यांच्यासाठी, घडी घातलेला विडा नसतो तो, पान सुपारी कात चुना सगळं एकत्र कुटलेलं असतं), घरी आल्यावर लेकीने विचारलं बाबा तांबूल म्हणजे काय, आणि मी दिलं ठोकून की तोंड तांबडं होतं म्हणून तांबूल. सासरे शेजारीच बसलेले. म्हणाले, जावईबापू, पान तर हिरवं असतं, नुसतं पान चावून बघा तोंड रंगतं का. गप्पच बसलो. आता पोरीला खरं काय ते सांगायचंय, प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद:
सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा! रंगतं ते सुपारी, चुना आणि काताने. ताम्र (ज्यावरून आपलं तांबडं आलं) आणि तांबूल नुसते कानाला सारखे. ताम्बूल शब्द संस्कृतात जुना असला तरी मूळ तिथलं नाही, आग्नेय आशियातल्या भाषांकडून आला असं बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांचं मत आहे. विड्याच्या पानाला ख्मेरमध्ये (कंबोडियाची भाषा) म्लू, मोनमध्ये (म्यानमार-थायलंडकडची भाषा) जब्लू, जुन्या व्हिएतनामीत ब्लाउ. आता तांबूलमधला शेवटचा 'बूल' म्हणून बघा, लागतोय ना कानाला? वेलही मूळची तिकडचीच मानतात, म्हणजे वेलीबरोबर नावही आलं.

बाकी आपलं पान म्हणजे पर्णच, साधं कुठलंही पान. गंमत म्हणजे मलयाळममधल्या वेट्टिलचा अर्थही बरेच जण 'नुसतं पान' असाच लावतात, पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला आणि त्यावरूनच इंग्रजीतलं बीटल झालं. विडा मात्र संस्कृत वीटिकेवरून, म्हणजे गुंडाळलेलं पान. त्यामुळे माहूरच्या कुटलेल्या प्रसादाला विडा न म्हणता तांबूल म्हणतात ते मला तरी फिट्ट वाटतं, संस्कृतात तांबूल पानालाही म्हणतात आणि सुपारी-चुन्यासकट तयार मालालाही.

धागाकर्ता:
भारीच! म्हणजे आमच्या गल्लीतल्या तांबोळीकाकांचं आडनाव पार कंबोडियाकडचं निघालं की 😄 सासऱ्यांना वाचून दाखवलं, खूश आहेत. पण लेकीचा पुढचा प्रश्न तयार आहे, नागवेलीत नाग कुठून आला?