वायर रोपवर कोटिंग कोणतं? पुलीवर पीव्हीसी तडकतंय

तारकस_७:
व्यायामाच्या मशीनमध्ये वजनाच्या पाट्या ओढणारी वायर रोप आहे. आतली तार ४.८ मिमी, ७×१९ (प्रत्येकी १९ तारांच्या ७ लडी), गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली). वर पारदर्शक पीव्हीसी, बाहेरचा व्यास ६.४ मिमी. नायलॉनच्या चार पुल्या, खाचेच्या तळाशी ९० मिमी व्यासाच्या. वजन जास्तीत जास्त १०० किलो. कोटिंगला आडव्या चिरा पडतात, त्याही फक्त पुलीवरून ये-जा करणाऱ्या भागात. शिवाय एका टोकाला फेरूलमधून (रोपेवर दाबून बसवलेल्या धातूच्या नळीतून) रोप दोन-तीन मिमी बाहेर सरकलेली दिसते.

दुसरी एक ३ मिमीची रोप उघड्यावर ताणून लावायची आहे, वेल चढवायला. ती हलणार नाही. दोन्हीकडे नायलॉन कोटिंगचीच घेतली तर चालेल का? पीयूचंही (पॉलियुरेथेन) नाव ऐकतोय.

कप्पीदोर:
दोन्हीकडे एकच नको. पुलीवरच्या रोपेला झीज आणि वाक सोसायचा असतो, उघड्यावरच्या रोपेला ऊन आणि पाणी.

आधी मशीनचं बघू. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात प्लॅस्टिसायझर मिसळून ते मऊ करतात. हा प्लॅस्टिसायझर हळूहळू बाहेर पडतो, रोपेला ग्रीस लागलेलं असेल तर आणखी लवकर. मग कोटिंग आखडतं. पुलीवर वळताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते, त्यामुळे आखडलेल्या कोटिंगला चिरा आडव्याच पडणार. नायलॉन घासलं तरी लवकर झिजत नाही आणि पुलीच्या खाचेत सहज सरकतं, म्हणून अशा मशीनला तेच घ्यावं. नायलॉन ६ पाणी बरंच पितं, पूर्ण भिजलं तर वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास. नायलॉन १२ जेमतेम दीड टक्का. घरातल्या मशीनला या फरकाने काही बिघडत नाही, ओलाव्याच्या जागी मात्र १२ मागा.

पीयू नायलॉनपेक्षा लवचीक. लहान पुली किंवा थंड जागा असेल तर उत्तम. घेताना पॉलिइथर जातीचं आहे ना हे विचारा. पॉलिएस्टर जातीचं पीयू दमट हवेत कालांतराने चिकट होऊन तुटतं. तुमच्या मशीनला पीयूची गरज दिसत नाही.

पण रोप मागवण्याआधी पुलीची खाच मोजा. नुसत्या ४.८ च्या तारेसाठी कापलेल्या खाचेत ६.४ ची रोप बसवली की ती तळाला टेकतच नाही, दोन्ही कडांवर अडकून चिमटते. अशा पुलीवर नायलॉनही सोललं जाईल. ६.४ च्या रोपेला खाच पावणेसात ते सात मिमी रुंद आणि तळाशी गोल हवी. व्यासाचा हिशोब मात्र आतल्या तारेवर करायचा: ९० भागिले ४.८, म्हणजे जवळपास १९ पट. ७×१९ ला २० ते २५ पट असावी, तेव्हा तुमची पुली काठावरच आहे. ७×७ ला साधारण ४० पट लागते, तिचा विचारच करू नका. कारण साधं आहे: ४.८ मिमीच्या ७×१९ मधली एकेक तार सुमारे ०.३२ मिमीची, ७×७ मधली ०.५३ ची. जाड तार वाकून वाकून लवकर तुटते.

फेरूल_पक्कड:
टोकाबद्दल कोणी बोललं नाही, आणि धोका तिथेच आहे. रोप फेरूलमधून सरकतेय याचा अर्थ कोटिंग न सोलताच फेरूल दाबलंय. प्लॅस्टिक दाबाखाली सावकाश पसरतं. दाबल्या दिवशी पकड घट्ट लागते, काही महिन्यांनी तीच ढिली होते. आता ते मशीन वापरू नका.

नवी रोप अशी बसवा. टोकाला वळसा करून फेरूलमध्ये दोन्ही पदर जेवढे जातात तेवढ्याच लांबीचं कोटिंग काढायचं. शेपटाचं टोक दाबल्यावर फेरूलच्या बाहेर थोडं दिसलं पाहिजे. ब्लेड रोपेच्या लांबीला समांतर, जवळजवळ आडवं धरून वरवरचा काप काढा आणि साल ओढून काढा. ब्लेड गोल फिरवू नका, ०.३२ च्या तारेवर चरा पडला तर ती पहिल्यांदा तिथेच तुटते. फेरूल ४.८ चं घ्या, ६.४ चं नव्हे. थिंबल (वळशाच्या आत बसणारी खाचेची कडी) मात्र ६.४ चं, कारण वळशात कोटिंग तसंच राहतं. हे दोन आकार हमखास उलटे घेतले जातात. गॅल्व्हनाइज्ड तारेला ॲल्युमिनियमचं फेरूल चालतं, स्टेनलेसला तांब्याचं घ्या. दाबून झाल्यावर गेजने (दाबलेल्या फेरूलची जाडी तपासायच्या मापाने) तपासा आणि फेरूलच्या तोंडाशी रोपेवर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ फेरूलपासून लांब गेली की रोप बाद.

कोटिंगमुळे ताकद वाढत नाही. ४.८ च्या गॅल्व्हनाइज्ड ७×१९ ची तुटण्याची मर्यादा साधारण १,९०० किलो, मग वर काहीही चढवा. पाचाचा सुरक्षा गुणांक धरला तर ३८० किलो. तुमच्या १०० किलोला पुष्कळ झाली, पण टोकाची पकड धड असेल तरच.

गंजखाते:
वेलीच्या तारेबद्दल. माझं मत, कोटिंग नकोच. नुसती ३१६ स्टेनलेस (गंजाला जास्त टिकणारी जात) घ्या, किंवा चांगली गॅल्व्हनाइज्ड.

पाणी कोटिंगच्या पृष्ठभागातून फारसं आत जात नाही, कापलेल्या टोकातून जातं. तारांमधल्या फटी केशनलिकेसारखं काम करतात, ओल आत ओढली जाते आणि वर आवरण असल्यामुळे वाळत नाही. बाहेरून रोप नवीकोरी दिसते. मग टोकाजवळ पारदर्शक कोटिंगखाली तपकिरी छटा येते, पुढे फुगवटा, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. स्टेनलेसलाही यातून सुटका नाही. तिच्यावरचा संरक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो, तो कोटिंगखाली पोचत नाही, आणि खारी हवा असेल तर फटीत खड्डे पडतात. समुद्रातल्या शर्यतींच्या बोटींवर कडेच्या सुरक्षा-तारा स्टेनलेसच्या असतील तर त्या विनाकोटिंग असाव्यात असा वर्ल्ड सेलिंग या जागतिक नौकानयन संघटनेचा नियम आहे, तो काही उगाच नाही.

कप्पीदोर:
@गंजखाते, वेलीपुरतं मान्य. पण हात लागणारी किंवा कापडाला घासणारी तार असेल तर कोटिंग हवंच. मग काळं घ्या. काळेपणा कार्बन ब्लॅकचा असतो आणि तोच ऊन अडवतो. पारदर्शक पीव्हीसी उन्हात पिवळं पडून तडकतं. दोन्ही टोकांना आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा, साधी नळी पाणी अडवत नाही.

तारकस_७:
मोजलं. खाच ५.२ मिमी रुंद निघाली, चारही पुल्यांची. म्हणजे पुल्याही बदलणार. वेलीला नुसती ३१६ घेतो. आता शेवटचं: दुकानात "नायलॉन" म्हणून दिलेली रोप खरंच नायलॉनची आहे हे ओळखायचं कसं?

फेरूल_पक्कड:
कोटिंगचा नखाएवढा तुकडा सोलून घ्या. पाण्यात तरंगला तर पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर तांब्याची तार पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल करा, ज्योतीचा हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत. गरम तार तुकड्याला टेकवा, प्लॅस्टिकचा कण तिला चिकटेल. ती पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. नायलॉनला हिरवा रंग येत नाही. हे उघड्या हवेत करा, पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतं, घशाला झोंबतं.