उंटांच्या औषधपाण्यावर सरकारी पैसा खर्चावा का?

मंदार (बडोदे): दिवाळीनंतर सावली रोडला राजस्थानकडचे राईका, म्हणजे उंट पाळणारे लोक, उतरले होते. त्यांची एक सांडणी उठेचना. मदार एका अंगाला कललेली, डोळ्यांतून पाणी, छातीखाली सूज. म्हातारा म्हणाला, "तिबरसा." म्हणजेच सर्रा. चावऱ्या मोठ्या माश्यांमार्फत रक्तात शिरणारा हा परजीवी जनावराला तीन-तीन वर्षं झिजवतो, म्हणून ते नाव. ग्रिफिथ एव्हान्सनं तो १८८० साली शोधला. आणि आज आम्ही बोलावलेल्या डॉक्टरांकडे उंटाला चालणारं औषधच नव्हतं! प्रत्येक पशुवैद्यकीय गाडीत ते असायलाच हवं.

अनघा: वाईट वाटतं, पण मला पटत नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख. माझ्या माहेरी, पादरा गावात, म्हैस आजारी पडली की घरातला पैसाच आटतो. डॉक्टर आधीच कमी, त्यांनी धावायचं कुणीकडे?

शिरीषकाका: औषध दिलंत तरी मालक खर्च करणार नाही. राजस्थाननं २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू केलं, २०१५ मध्ये कायद्यानं कत्तल बंद केली आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणले. गिऱ्हाईक गेलं, भाव पडले. ज्याला किंमत नाही त्याला सुई कोण टोचणार? खरजेचंच बघा. जांघेतले केस जातात, कातडी जाड होऊन भेगाळते, उंट झाडाला अंग घासून रक्त काढतो. आयव्हरमेक्टिननं बरी होते, पण कळपातल्या सगळ्यांना एकदम द्यावं लागतं. म्हणून लोक जळकं ऑइल फासतात. आधी दुधाला बाजार द्या.

मंदार: काका, बाजार उभा राहीपर्यंत जनावर तग कसं धरणार? अनघा, सर्राचा हाच परजीवी म्हशीच्या रक्तातही असतो, बऱ्याचदा वरून काही दिसत नाही. उंटाला चावलेली माशी पुढे तुमच्या गोठ्यातच बसते. आणि सर्रावर गुरांना सर्रास देतात ते डायमिनाझिन उंटाला बाधतं, जिवावरही बेततं. त्याला क्विनापायरामिन लागतं. घाईत चुकीची सुई बसली तर?

अनघा: म्हशींचं माहीत नव्हतं. मग गाडीत ते औषध ठेवा, डॉक्टरांना शिकवा, माझी ना नाही. उंटांसाठी वेगळी गाडी, वेगळा डॉक्टर मागाल तर मात्र मी विरोधातच.