१९९९ आणि २००४ एकाच पारड्यात घालू नका

चाटीगल्लीकर: काल इथं कुणीतरी लिहिलं, "पाच वर्षांआधी झालेली प्रत्येक लोकसभा निवडणूक मुदतपूर्वच, १९९९ काय नि २००४ काय." वाचून राहवलं नाही. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मतानं पडलं, दुसऱ्या कुणाला सरकार जमवता आलं नाही, म्हणून लोकांवर निवडणूक आली. २००४ ला बहुमत शाबूत होतं, मुदत ऑक्टोबरपर्यंत होती, तरी फेब्रुवारीतच लोकसभा बरखास्त केली. पहिला नाइलाज, दुसरा डाव. इंदिराबाईंनी डिसेंबर १९७० ला केलं तोही डावच. सत्ताधाऱ्यानं सोयीची वेळ साधली का, एवढंच बघायचं.

होटगीरोड: तुमची फुटपट्टी इंदिराबाईंपाशीच मोडते. काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीनंतर त्यांचं सरकार कम्युनिस्ट आणि द्रमुकच्या टेकूवर होतं. मग नाइलाज की डाव? जर्मनीत तेव्हाचे चान्सलर शोल्झ यांनी डिसेंबर २०२४ ला विश्वास ठराव मांडला तोच हरण्यासाठी, कारण त्याशिवाय तिथं लवकर निवडणूक होत नाही. पुढाऱ्याच्या मनात काय, ते कोण मोजणार? मुदतीआधी झाली की नाही, ती तारीख मोजता येते.

बाळीवेस_मास्तर: तारखेचं आम्हाला विचारा. ९८ ला ड्युटी, ९९ ला परत ड्युटी. त्यात ९९ ला लोकसभा-विधानसभा एकाच दिवशी. दोन्हींचे हिशेब, दोन्हींची पाकिटं, लाख ओतता ओतता बोटं भाजली. भत्ता दिवाळी उलटल्यावर. आणि विधानसभा मार्च २००० पर्यंत होती, ती युतीनं आपणहून आधी बरखास्त केली, ते कुणी बोलत नाही.

अशोकचौक: मास्तर, निवडणूक लवकर आली म्हणून एवढा त्रागा? आपल्या सोलापूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, मतदान जानेवारी २०२६ ला! आमच्या बोळात ड्रेनेजचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, आई घसरून पडली. नगरसेवकच नाही, तर जायचं कुणाच्या दारात?

होटगीरोड: म्हणूनच एकत्र निवडणुकांचं विधेयक हवं. लोकसभा मध्येच मोडली तर नव्या लोकसभेला उरलेलीच मुदत. मग हौसेनं कोण बरखास्त करेल?

अशोकचौक: त्या विधेयकात महापालिका आहे का ओ? नाही. लवकर घेणाऱ्याला वेसण, लांबवणारा मोकळा. वाचून तरी बोला!

बाळीवेस_मास्तर: आणि वर्षभरच उरलं असेल तर वर्षभरासाठी खासदार निवडायचा? परत आमचीच ड्युटी.

होटगीरोड: आवाज चढवू नका. महापालिकेसाठी वेगळा धागा काढा.

अशोकचौक: ज्याच्या घरात पाणी शिरलं तो इथंच बोलणार.

चाटीगल्लीकर: मास्तरांनी माझंच काम केलं. त्या एका दिवशी एकाच केंद्रावर आपण दोन मतं दिली. लोकसभेचं मत सरकार पडलं म्हणून, विधानसभेचं मत राज्यकर्त्यांना वेळ बरी वाटली म्हणून. मुदत दोन्हींची उरली होती. नुसती तारीख मोजणाऱ्याला यात फरकच दिसणार नाही. इंदिराबाई अल्पमतात होत्या हे खरं, पण त्यांना सभागृहात हरवलं कुणी होतं?

होटगीरोड: २००४ घ्या तुम्ही. १९७० नाही देत.