भेंडीचे शेंडे माना टाकत आहेत आणि पानांच्या कडा करपत आहेत: कीड ओळखण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. इंदूरजवळ राऊच्या बाजूला आमचा जमिनीचा लहानसा तुकडा आहे. तेथे यंदा जूनच्या शेवटच्या आठवड्यात, चांगला पाऊस झाल्यावर, भेंडीचे चार वाफे लावले. जमीन माळव्यातली नेहमीची काळी आणि पाणी धरून ठेवणारी आहे. खत म्हणून घरचे कंपोस्ट घातले आणि रोपे महिन्याची झाल्यावर थोडा युरियाही दिला. (कंपोस्ट इंदूर पद्धतीचे आहे, अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात आपल्याच शहरात ही पद्धत बसवली, म्हणून मला तिचे विशेष ममत्व आहे.) पीक आता पन्नास दिवसांचे झाले असून एक दिवसाआड तोडणी चालू आहे. गेल्या दहा दिवसांत मात्र पिकावर निरनिराळी लक्षणे दिसू लागली आहेत, आणि ती एकाच किडीची आहेत की वेगवेगळ्या किडींची, हे मला खात्रीने ठरवता येत नाही. ही भेंडी घरातली लहान मुले खातात आणि उरलेली शेजारी जाते, त्यामुळे कीड ओळखल्याशिवाय काहीही फवारायचे नाही असे मी ठरवले आहे.

पहिले लक्षण शेंड्याचे आहे. सकाळी ताठ असलेल्या रोपाचा शेंडा दुपारपर्यंत मान टाकतो आणि दोन दिवसांत वाळून जातो, पण खालची पाने हिरवीगार राहतात. पाणी साचून मर लागली असावी असे समजून मी चर काढून वाफ्यांतले पाणी बाहेर काढले, परंतु काहीच फरक पडला नाही. परवा असाच एक शेंडा खुडला आणि ब्लेडने उभा चिरून पाहिला. आतला गर संपलेला होता, त्या जागी ओलसर काळपट विष्ठेने भरलेली नळी होती आणि नळीच्या टोकाशी सुमारे दीड सेंटिमीटर लांबीची, मातकट रंगाची, पाठीवर पांढरट आणि गडद ठिपके असलेली अळी अंग आखडून बसली होती. तोडलेल्या भेंड्या मग एकेक करून तपासल्या, तेव्हा ज्या वाकड्या झाल्या होत्या त्यांच्यावर लहानसे छिद्र आणि छिद्राच्या तोंडाशी तसलीच विष्ठा आढळली.

दुसरे लक्षण पानांचे आहे. पानांच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग वाटीसारख्या वर वळतात आणि शेवटी विटकरी होऊन करपतात. पान उलटले की फिकट हिरव्या रंगाचे, पाचरीच्या आकाराचे बारीक किडे दिसतात. हात जवळ नेला की ते सरळ न जाता तिरके पळतात, आणि काही उड्या मारून नाहीसे होतात. पानाच्या त्याच बाजूला व देठावर पारदर्शक मण्यांसारखे थेंबही आहेत. ती कशाची तरी अंडी असावीत या भीतीने मी कित्येक पाने तोडून टाकली.

तिसरे लक्षण सुमारे चारशे रोपांपैकी अकरा रोपांवरच आहे. त्यांच्या पानांच्या शिरा पिवळ्याजर्द झाल्या आहेत, जणू हिरव्या कापडावर पिवळ्या दोऱ्याची जाळी विणली आहे. आणि त्यांना लागणाऱ्या भेंड्याही फिकट, आखूड आणि राठ आहेत. शेजारच्या शेतातल्या काकांचे म्हणणे असे की त्यांच्या सोयाबीनवर आलेला पीला मोझॅकच आमच्या भेंडीत शिरला आहे.

याखेरीज काळ्या पंखांवर नारिंगी आडवे पट्टे असलेले भुंगे भेंडीची फुले कुरतडताना दिसले. त्यांतला एक मी हाताने उचलला, तर दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेरावर पाण्याने भरलेला फोड आला. हा योगायोग आहे की भुंग्याचाच परिणाम, हेही कळावे.

औषधांच्या दुकानात गेले, तेव्हा तिथल्या माणसाने रोप किंवा पान पाहण्याची तसदी न घेता दोन बाटल्या पुढे केल्या आणि "दोनों मिलाकर मार दो, इल्ली भी जाएगी और हरा मच्छर भी" असे सांगितले. बाटल्या घरी आणल्या आहेत, पण उघडलेल्या नाहीत. ही लक्षणे कोणत्या किडींची आहेत, अकरा रोपे वाचतील का, आणि रोज भाजी तोडावी लागत असताना काय करणे सुरक्षित ठरेल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. खुडलेले किडके शेंडे सध्या मी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकत आहे.

प्रतिसाद

ताई, आपण शेंडा चिरून पाहिलात त्यामुळे निदान पुष्कळ सोपे झाले. ती शेंडे व फळे पोखरणारी अळी आहे. तिला ठिपक्यांची अळी असेही म्हणतात. आमच्या निमाडात ती कपाशीच्या बोंडांतही सापडते, कारण भेंडी आणि कपाशी एकाच कुळातली आहेत. तिचा पतंग कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर आणि फळांवर एकेक सुटे अंडे घालतो, आणि तीन-चार दिवसांत बाहेर पडलेली अळी आत शिरते. पीक लहान असताना ती शेंडा पोखरते आणि फळे धरू लागली की तिकडे वळते. एकदा आत शिरल्यावर वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. म्हणून मान टाकलेला शेंडा दिसताक्षणी खालच्या निरोगी भागापर्यंत खुडणे आणि प्रत्येक तोडणीत किडक्या भेंड्या वेगळ्या काढणे, हा पहिला उपाय आहे. आणि ते शेंडे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकणे आजच थांबवा. वाळत्या शेंड्यातून अळी बाहेर येते, पालापाचोळ्यात कोष करते आणि पतंग होऊन पुन्हा आपल्याच वाफ्यांवर येते. ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवा, किंवा खोल पुरा.

तिरके पळणारे किडे म्हणजे तुडतुडे. दुकानदाराचा हरा मच्छर तोच. पालाशच्या कमतरतेनेही पानांच्या कडा करपतात, परंतु आपल्याला पानाखाली किडे प्रत्यक्ष दिसले आहेत, त्यामुळे शंकेला जागा राहत नाही. युरियाने आलेली लुसलुशीत पाने त्यांना फार मानवतात, तेव्हा तो आणखी देऊ नका. मण्यांसारखे थेंब मात्र अंडी नाहीत. भेंडीचे झाड स्वतःच असे थेंब बाहेर टाकते, आणि त्यांपायी पाने तोडण्याची काहीही गरज नाही. तुडतुड्याची मादी आपली अंडी पानाच्या शिरांच्या आत घालते, ती डोळ्यांना दिसत नाहीत.

पिवळ्या शिरांच्या रोपांना हळद्या हा विषाणूजन्य रोग झाला आहे. मॅग्नेशियम किंवा लोह कमी पडले तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. येथे उलट आहे, शिराच पिवळ्या आहेत. आपल्या शेजारच्या काकांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. सोयाबीनवरचा विषाणू वेगळा आणि भेंडीवरचा वेगळा, पण दोन्हींचा प्रसार पांढरी माशीच करते, त्यामुळे शेजारी माशी वाढली असेल तर ती आपल्याकडेही येणार. रोगट रोप बरे होत नाही. ती अकरा रोपे पुढचा फुलोरा येण्याची वाट न पाहता उपटून टाका आणि वाफ्यांत पिवळे चिकट सापळे लावा. पुढच्या खेपेस बियाण्याची जात पाहून घ्या. अर्का अनामिका किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातली परभणी क्रांती या जाती याच रोगाला तोंड देण्यासाठी काढलेल्या आहेत, जरी आता त्याही सगळीकडे तितक्याच टिकतात असे नाही.

फोड हा योगायोग नाही. त्या भुंग्याच्या अंगातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. हातमोजे घालून सकाळी ते भुंगे साबणाच्या पाण्यात पाडावेत.

फवारायचेच असेल तर निंबोळीचा पाच टक्के अर्क घ्यावा: लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून गाळलेली. तो संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने मारावा. त्या दोन बाटल्यांच्या लेबलांवर कोणती रसायने लिहिली आहेत ते येथे कळवा. पायरेथ्रॉइड गटातले औषध वारंवार मारले तर पांढरी माशी आणि लाल कोळी उलट वाढतात. शिवाय प्रत्येक औषधाच्या लेबलावर फवारणी आणि तोडणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यायचे हे दिलेले असते, आणि एक दिवसाआड तोडल्या जाणाऱ्या भाजीत ते दिवस पाळणे फार अवघड असते.

धागाकर्तीचे उत्तर

आपले मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी अकराही रोपे उपटली. कंपोस्टच्या खड्ड्याचा वरचा थर उकरला, तेव्हा एका वाळलेल्या शेंड्याला चिकटलेला, होडीच्या आकाराचा मळकट पांढरा कोष हाती आला. आपण सांगितले नसते तर तो मला ओळखताच आला नसता. वरचा थर काढून पिशव्यांत भरून उन्हात ठेवला आहे. दोन बाटल्यांपैकी एकीच्या लेबलावर सायपरमेथ्रिन लिहिलेले आहे, ते आपण सांगितलेल्या पायरेथ्रॉइड गटातलेच, म्हणून ती परत करणार आहे. दुसरीवरचे नाव पुसट झाले आहे. ती बाटली आणि तुडतुड्यांनी करपलेली चार पाने घेऊन सोमवारी कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन येते.

एक शंका अजून उरली आहे. वाफ्यांच्या कडेला जास्वंदीची दोन जुनी झाडे आहेत. तीही भेंडीच्याच कुळातली, आणि त्यांच्या कोवळ्या फांद्यांवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसतो आहे. तो भेंडीवर येण्याआधी तेवढ्या फांद्या छाटून टाकल्या तर पुरेसे होईल का?