सिडनीच्या खडकांवरून उतरताय? मग फिनची पहिली जोडी कार्बनची नको

खडकवाट (सिडनी)

स्पिअरफिशिंग, म्हणजे पाण्याखाली भाल्याच्या बंदुकीने (स्पिअरगनने) मासे मारणं, शिकायला निघालेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कार्बनचे फिन कुठले घेऊ?" फिन म्हणजे पोहताना पायात घालायची लांब पाती. माझं मत स्पष्टच मांडतो. किनाऱ्यावरून उतरणार असाल तर पहिली जोडी चांगल्या प्लॅस्टिक पात्यांची घ्या. कार्बनचा विचार नंतर.

न्यू साउथ वेल्समध्ये सिलिंडर लावून स्पिअरगन चालवायला बंदी आहे. श्वास रोखून किंवा स्नॉर्कलवरच मासा मारायचा. आपल्यापैकी बहुतेकांकडे बोट नाही. म्हणजे सिडनीच्या मरूब्रा-मालाबारकडच्या खडकांच्या कडेवर फिन चढवायचे, लाटेचा अंदाज घेऊन उडी टाकायची आणि परतताना लाटेबरोबरच कडेवर चढायचं. त्या कडेवर कालवं असतात, कन्जेवॉयचे (खडकाला चिकटून राहणाऱ्या समुद्री जिवाचे) गोळे असतात. कार्बनचं पातं वाकण्यासाठी बनवलेलं असतं आणि त्या कामात त्याला तोड नाही. पात्याच्या काठावर बसलेला ठोका मात्र त्याला सोसत नाही. टवका उडतो, तंतू उघडे पडतात, आणि त्याच जागी पातं पुढे हजारो वेळा वाकत राहतं. चीर तिथूनच आत सरकते. प्लॅस्टिकवर त्याच ठोक्याने फक्त ओरखडा उमटतो.

दुसरं म्हणजे फूट पॉकेट, फिनचा पाऊल घालायचा बुटासारखा भाग. पाऊल आत हललं की मांडीतून आलेलं बळ पात्यापर्यंत पोचतच नाही. टाच मोकळी राहिली, बोटं दुमडली गेली, तर पातं कितीही भारी असो, अर्ध्या तासात पोटऱ्या भरून येतात. दुकानात सगळे पात्याची वीण बघत बसतात, पाऊल घालून कोणी बघत नाही.

कार्बनची जोडी प्लॅस्टिकच्या तिप्पट-चौपट महाग पडते. वाचलेल्या पैशांत फ्रीडायव्हिंगचा (सिलिंडरशिवाय, श्वास रोखून बुडी मारण्याचा) रीतसर कोर्स करा. वर येताना शेवटच्या दहा मीटरांत दाब झपाट्याने उतरतो, त्याबरोबर फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही उतरतो, आणि माणूस पृष्ठभागाजवळ येऊन बेशुद्ध पडतो. कसलीही पूर्वसूचना नसते. ते ओळखायला आणि जोडीदाराला वर धरून ठेवायला कोर्समध्येच शिकवतात.

निळेपाणी (सिडनी)

कोर्सबद्दल शंभर टक्के सहमत. बाकी बहुतेक मुद्द्यांवर नाही.

तुम्ही फक्त बुडी धरून हिशेब मांडलात. स्पिअरफिशिंगच्या दिवसात बुड्या थोड्या आणि पृष्ठभागावरचं पोहणं फार. चार-चार तास पाय चालू असतात, वर तरंगतं बोयं आणि दोरी ओढायची, परतीला प्रवाह अंगावर. प्लॅस्टिकचं पातं वाकवायला जी ताकद घालता तिचा बराच भाग ते सरळ होताना परत देत नाही, पदार्थातच जिरून जातो. कार्बन ती जवळजवळ सगळी परत देतं, शिवाय वजनाला हलकं. दिवसअखेर पायांना हा फरक नेमका कळतो. थकलेला माणूस ऑक्सिजन जास्त जाळतो, घाईत श्वास घेतो, दोन बुड्यांमधली विश्रांती आखडती घेतो. म्हणजे तुम्ही ज्या सुरक्षिततेसाठी पैसे वाचवायला सांगताय, तिच्यावरच हे येऊन पडतं.

आणि नवशिक्याचे पाय कच्चे असतात म्हणूनच त्याला मऊ पातं हवं. मऊ, मध्यम, कडक अशी खरी निवड कार्बन आणि फायबरग्लास (काचतंतू) यांच्यातच मिळते. प्लॅस्टिकच्या बहुतेक जोड्या एकाच कडकपणात येतात.

चिवल्याकाठी (मालवण)

आमच्याकडे स्पिअरगनचा विषय नाही, मी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास लोकांना स्नॉर्कलिंगला नेतो. पण पात्यांबद्दल बोलतो.

आमचं पाणी चार-पाच मीटर, खाली खडक आणि वाळू. हिवाळ्यात बरं दिसतं, इतर वेळी हाताच्या अंतरावरचं पुसट. एवढ्या पाण्यात लांब पातं मुळात अडचणीचं. उलटं वळलं की पातं तळाला लागतं, वाळू उठते आणि दिसत होतं तेही जातं. मुंबईहून लांबलचक कार्बन पाती घेऊन येणारे पाहुणे बघितलेत. किल्ल्याच्या बाजूला खडकांत शिरले की त्यांचं सगळं लक्ष पाती सांभाळण्यात, कोरलवर पाय पडतोय का याकडे नाही. आधी आपलं पाणी किती खोल ते बघा, मग पातं निवडा.

श्वासावर (पुणे)

तलावात सराव करतो, समुद्र वर्षातून एकदा. पंचवीस मीटरच्या तलावात प्रत्येक वळणाला पातं भिंतीला लागायची भीती असते, त्यामुळे खडकवाट यांची काळजी पटते.

पण इथे कोणी फायबरग्लासचं नाव घट्ट धरून बोलत का नाही? कार्बनपेक्षा थोडं जड, उसळी थोडी कमी, पण ठोका बराच जास्त सोसतं आणि किंमत मधली. आणखी एक सांगतो: स्वस्तात "कार्बन" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पात्यांत वरचा थर तेवढा कार्बनचा असतो, आतले थर काचतंतूंचेच. ते पातं वाईट नसतं, फक्त कार्बनच्या भावाने घेऊ नये. आणि "३के" ऐकून भारावून जाऊ नका. एका धाग्यात ३,००० तंतू, एवढाच त्याचा अर्थ. पातं कसं वाकणार हे थर किती, ते टोकाकडे कसे कमी केलेत आणि राळ कशी भरली यावर ठरतं. वीण डोळ्यांना छान दिसते, बस्स.

खडकवाट

@निळेपाणी, ताकद परत मिळण्याचा मुद्दा बरोबरच आहे, मी तो नाकारलेला नाही. पण ती परत मिळायला पाय कंबरेतून, लांब आणि संथ चालायला हवा. नवशिका गुडघे दुमडून पाय मारतो. त्यात पातं पाण्याला मागे ढकलतच नाही, नुसतं वरखाली होतं. तिथे कार्बन काय परत देणार? आधी पाय सुधारू द्या.

आणि माझी मोठी काळजी वेगळी आहे. चांगलं पातं खोली सोपी करतं. दहा-बारा मीटरच्या खाली शरीर आपोआप बुडू लागतं, जाताना कष्टच नसतात. ज्याला कोर्समध्ये वर येण्याचा हिशेब शिकवलेला नाही, तो खाली मासा दिसला की थांबतो. पाती त्याला तिथवर सहज नेतात. वर आणायचं काम मात्र त्याच्याच पायांचं आणि उरलेल्या श्वासाचं.

निळेपाणी

हे मला अजिबात पटत नाही. सुरक्षितता वाईट उपकरणातून येत नाही. एक खाली, एक वर, आणि वरचा पाण्यात तोंड घालून खालच्याकडे बघतोय, ही शिस्त असेल तर मऊ कार्बन धोका वाढवत नाही. शिस्त नसेल तर प्लॅस्टिक घालूनही माणूस जातो. बुडणं सोपं जावं म्हणून कंबरेच्या पट्ट्याला (वेट बेल्टला) वजन जास्त लावणं हे यापेक्षा कितीतरी घातक, आणि त्यावर इथे अजून कोणी एक शब्द बोललेलं नाही. श्वास सोडल्यावरही पृष्ठभागावर तरंगता आलं पाहिजे. आधी ते तपासा.

हौराकीकर (ऑकलंड)

बोटीवरून उतरणाऱ्यांसाठी हा वाद निकाली आहे. हौराकी आखातात आम्ही थेट खोल पाण्यात उतरतो, खडकाला पाय लागतच नाही. किंगफिशसारखा दांडगा मासा लागला की तो खेचत नेतो, तेव्हा दोरी धरून वर राहायला पायात दम लागतो. मी मध्यम कार्बन वापरतो, कडांना रबरी पट्ट्या लावलेल्या. बोटीत पाती आडवी टाकू नका, कोणीतरी वेट बेल्ट त्यांच्यावरच आदळतं. आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, पॉकेटचा गोंद सुटतो.

सागरलेक (सिडनी)

सगळ्यांचं बोलणं ऐंशी किलोच्या पुरुषाला धरून चाललंय. माझं वजन पन्नासच्या आसपास, पाऊल ३७. या मापात दुकानात जी लांब प्लॅस्टिकची जोडी मिळते तिचं पातं तेवढंच कडक, जेवढं ४५ मापाच्या माणसाचं. ते वाकवताना माझ्या पोटऱ्यांत गोळे येतात आणि पात्याऐवजी घोटाच वाकतो. छोटं पॉकेट वेगळं आणि अगदी मऊ पातं वेगळं घेऊन जोडायची सोय मला फायबरग्लास-कार्बनमध्येच मिळाली. खडकवाट, "पहिली जोडी प्लॅस्टिकची" हा नियम तुमच्या पायाला लागू आहे. माझ्या पायाला नाही, आणि माझ्यासारख्या बऱ्याच बायका या धाग्यावरून चुकीची जोडी घेतील.

खडकवाट

@सागरलेक, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. हलक्या शरीराच्या आणि लहान पावलाच्या माणसाने कडक प्लॅस्टिक घेऊ नये, तिथे मऊ फायबरग्लासच बरं. कार्बनपाशी मात्र मी अजून थांबतो, कारण तुम्ही उतरता तोही खडकच. त्याला तुमचं वजन कमी असल्याने फरक पडत नाही.

सागरलेक

खडकाला नाही, पण लाटेला पडतो. मी पाण्यात उतरून मग फिन घालते. भरती-ओहोटी बघून, आडोशाची जागा शोधून. कडेवर घालून उडी मारायची ही सवय सोडली तर निम्मे टवके वाचतील.

नवखाभालेकरी (मेलबर्न)

सगळं वाचतोय. एकच शंका: बुटाचं माप ४३ असेल तर पॉकेट ४३ घ्यायचं का?

श्वासावर

जे मोजे घालून पाण्यात उतरणार तेच घालून पॉकेट बघा. तीन मिलिमीटरचा निओप्रीन (रबरी फोमचा) मोजा बराच जागा खातो. कंपन्या दोन-दोन मापं जोडून देतात, ४२-४३, ४४-४५ अशी, आणि प्रत्येकीचा साचा वेगळा. पाऊल घातल्यावर टाच उचलून बघा. सुटली तर पॉकेट मोठं होतंय, बोटं बधिर झाली तर लहान होतंय.

निळेपाणी

माझ्याकडे ४२-४३ पॉकेटची मऊ कार्बन आणि तशीच फायबरग्लास जोडी आहे. येत्या शनिवारी वारा पश्चिमेचा असला तर समुद्र सपाट असेल, मी सिडनीच्या बेअर आयलंडला येतो. स्पिअरगन नको, फक्त मोजे आणा. दोन्ही जोड्या घालून तीच फेरी मारा आणि इथे येऊन लिहा. खडकवाट, तुम्हीही या, तुमची प्लॅस्टिकची घेऊन. सागरलेक, ३७ साठी माझ्याकडे काही नाही, तुमची जोडी आणलीत तर इतर बायकांनाही बघता येईल.