७ डिसेंबर, कंपाउंडमध्ये मेणबत्त्या: आमच्या पार्ल्याच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सचिव: नमस्कार. सी-५०२ कडून अर्ज आला आहे. रविवार ७ डिसेंबरला संध्याकाळी ७ ते ८.३० मागच्या भिंतीलगत मेणबत्त्या आणि कागदी कंदील लावायचे आहेत. सगळ्या विंगच्या मुलांना बोलावलं आहे. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.

ए-१०१ काका: सणाला हरकत नाही. पण त्या भिंतीला स्कूटर लागतात, माझी गाडीही तिथेच असते. पेट्रोलच्या गाड्यांशेजारी आग नको. आणि नाताळ २५ ला ना? ७ तारखेला काय असतं?

सी-५०२ (आई): काका, गाड्यांचं अगदी बरोबर. भिंत नको, टाकीसमोरचा फरशीचा पट्टा घेऊ.
८ डिसेंबरला मेरीमातेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण असतो. पोप नववे पायस यांनी १८५४ साली याच तारखेला, मेरी स्वतः आईच्या पोटात आली तीच पापाच्या डागाविना, ही शिकवण अधिकृतपणे जाहीर केली. कोलंबियात आदल्या संध्याकाळी लोक घराबाहेर, फुटपाथवर, खिडक्यांत मेणबत्त्या आणि कंदील लावतात. तिथला नाताळचा मोसम त्या रात्रीपासूनच सुरू होतो. आमची लेक तिथल्याच काली शहरातली, तिने लहानपणी हे सगळं पाहिलंय. मुंबईत आल्यापासून आम्ही बाल्कनीत लावायचो. यंदा ती म्हणाली, हे दाराबाहेर सगळ्यांबरोबर करायचं असतं, आपण तिघांनीच काय करायचं?

बी-२०४ काकू: अगं किती छान! मी येणार. पण एक विचारू का, रागावू नकोस. पोरगी आता इथे रुळलीय, मराठी किती गोड बोलते. मग जुनं पुन्हा पुन्हा कशाला उकरायचं? लहान आहे तोवर विसरली तर तिलाच सोपं जाईल ना?

सी-५०२ (आई): काकू, राग कसला. पुष्कळांच्या मनात असतं हे, तुम्ही बोललात ते बरं झालं. जरा सविस्तर लिहिते.

आम्ही तिला दत्तक घेतलं तेव्हा ती सात वर्षांची होती. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत होतो. तिला आणायला कालीला गेलो, तर कोर्टाचा निकाल हातात येईपर्यंत आठवडेच्या आठवडे तिथे राहावं लागलं. ते राहणं झालं म्हणून मला तिची गल्ली माहीत आहे, कोपऱ्यावरची बेकरी माहीत आहे. तिथलं सरकारी बालकल्याण खातं, आयसीबीएफ, बऱ्याच मुलांना संस्थेऐवजी एखाद्या घरात ठेवतं. ही अशाच एका बाईंकडे वाढली. तिचा पहिला दात पडला तो त्यांच्या घरात. सायकल शिकली ती त्यांच्या दारात. हे विसरायचं म्हणजे त्या बाईंनाच विसरायचं, आणि त्यांनी तिला जीव लावला म्हणून तर ती आमच्यावर विश्वास टाकू शकली. मला मनापासून असं वाटतं.

आमचे शनिवार-रविवार म्हणाल तर तुमच्यासारखेच. शनिवारी सकाळी ठाकरे क्रीडा संकुलात पोहायला, येताना मार्केटातून भाजी आणि पेरू. मग तिचे बाबा पांदेबोनो करतात. कालीकडचे चीज घातलेले छोटे गोल पाव, टॅपिओकाच्या पिठाचे. इथे तसं चीज मिळत नाही, म्हणून मीठ लावलेलं पनीर. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच, त्यामुळे आमच्या घरात साबुदाणा वडा पहिल्या दिवसापासून हिट आहे.
रविवारी दुपार केसांची. तिचे केस दाट कुरळे आहेत, कोरडे विंचरले तर तुटतात. ओले करून, कंडिशनर लावून, बोटांनी एकेक बट सोडवायची. दोघी गप्पा मारत बसतो. शाळेतलं सगळं मला तेव्हाच कळतं.
आणि संध्याकाळी साडेसातला कालीला त्या बाईंना व्हिडिओ कॉल. तिथे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. सुरुवातीला तिचं स्पॅनिश अडखळतं, मग धबधबा. मला निम्मंच कळतं. मी शेजारी भाजी निवडत बसते, मध्ये पडत नाही. फोन ठेवल्यावर कधी खूप हसरी असते, कधी पांघरूण घेऊन झोपते, सोमवारी शाळा नको म्हणते. त्रास होतो तिला, नाही असं नाही. पण त्या बाईंची आठवण आली तर रडायला आमची मांडी हवी ना तिला. नाहीतर ती ते एकटीच सोसेल आणि आम्हाला कळणारही नाही.

बी-२०४ काकू: अगं, हे असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी तिला येता-जाता तेल लाव, घट्ट वेणी घाल म्हणत असते.

सी-५०२ (आई): तेल चालतं काकू, नारळाचंच लावतो. फक्त केसांना हात लावून बघू नका, एवढं सगळ्यांनाच सांगायचं होतं. लिफ्टमध्ये रोज कोणीतरी लावतं, आणि ती अंग चोरून उभी राहते.

सी-१०३ आजोबा: बाळ, तिकडे खातात काय त्या दिवशी? गोडधोड?

सी-५०२ (बाबा): आजोबा, डिसेंबरभर तिथे बुन्युएलो असतात, चीजचे तळलेले गोळे. आणि प्यायला गरम पाण्यात विरघळवलेला गूळ, वरून लिंबू. गुळाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आणि कोलंबिया दुसरा, त्यामुळे तिला इथला गूळ अजिबात परका वाटला नाही.

सी-१०३ आजोबा: म्हणजे आपलं गूळपाणी! कोल्हापुरी ढेप आहे माझ्याकडे. मी देतो.

ए-३०३: वहिनी, फोटो काढले तर चालतील का? मुलांचे.

सी-५०२ (आई): कंदिलांचे हवे तेवढे काढा. मुलीचे काढलेत तर या ग्रुपबाहेर पाठवू नका, प्लीज. नवरात्रातला तिचा एक फोटो 'परदेशातून दत्तक घेतलेली मुलगी' असं लिहून भलत्याच ग्रुपवर फिरत होता. तिच्या मैत्रिणीच्या आईने तो तिच्याच समोर मला दाखवला.
आणि बोलतेच आहे तर अजून एक. 'खरे आईबाबा कुठे असतात', 'तुला का सोडलं', हे तिला विचारू नका. 'किती नशीबवान गं तू' हेही नको. स्वतःचं घर, गाव, भाषा सोडून आलेल्या मुलीने त्यावर काय बोलावं? आणि आम्हाला पुण्यवान म्हणू नका. आम्हाला मूल हवं होतं.

ए-१०१ काका: तुमचं दुःख समजतं. पण लोक आपुलकीनेच विचारतात हो. आम्ही चाळीत वाढलो, तिथे प्रत्येकाला प्रत्येकाचं माहीत असे. विचारायचंच नाही म्हटलं तर शेजार कसला?

सी-५०२ (आई): काका, विचारा ना. मला विचारा, ती जवळ नसताना. सांगण्यासारखं असेल ते सांगेन. काही गोष्टी मी माझ्या आईलाही सांगितलेल्या नाहीत, कारण त्या लेकीच्या आहेत. मोठी झाल्यावर कोणाला काय सांगायचं ते ती ठरवेल.

ए-१०१ काका: मुलीशी मग बोलायचं तरी काय?

सी-५०२ (आई): पोहण्याबद्दल बोला. बटरफ्लाय शिकतेय. थांबायचीच नाही.

बी-६०१: ताई, माझ्या बहिणीला बाहेरच्या देशातून मूल घ्यायचा विचार आहे. ती मुंबईतच राहते. कसं करायचं?

सी-५०२ (आई): आमचं सगळं अमेरिकेतून झालं, त्यामुळे इथली वाट वेगळी. भारतात दत्तक प्रक्रियेची मुख्य संस्था 'कारा'. देशांतर्गत दत्तकासाठी त्यांच्याच पोर्टलवर नोंदणी, मग घरभेट, मग वाट बघणं, आणि ते बरंच लांबतं. दुसऱ्या देशातून मूल आणायचं तर दोन्ही देशांच्या संस्थांची मान्यता लागते. १९९३ चा हेग करार आहे त्यासाठी, भारत त्यात २००३ पासून आहे. बहिणीला आधी काराशीच बोलू दे. 'मूल मिळवून देतो' म्हणणारा कुणी डॉक्टर किंवा एजंट भेटला तर त्या वाटेला जायचं नाही. बाकी फोनवर बोलू, रात्री कर.

सचिव: तर टाकीसमोरचा पट्टा नक्की. वाळूच्या दोन बादल्या आणि अग्निशामक सिलिंडर मी ठेवतो. पाचवीच्या खालच्या मुलांबरोबर घरातलं मोठं माणूस हवं. साडेसातच्या कॉलचं काय? ती वर जाणार का?

सी-५०२ (बाबा): नाही, खालूनच करायचा म्हणते. त्यांना सगळे कंदील दाखवायचेत. टाकीपाशी रेंज नसते, कोणाचं वायफाय पोहोचेल?

ए-१०१ काका: माझं पोहोचतं. पासवर्ड तुम्हाला वेगळा पाठवतो. गाडीही त्या दिवशी बाहेर लावतो, म्हणजे मुलांना जागा होईल.

बी-२०४ काकू: कंदिलाला कागद कोणता आणू? दिवाळीचं जिलेटिन उरलंय.

सी-५०२ (आई): जिलेटिन नको काकू, मेणबत्तीच्या आचेने वितळतं. जाड कागदाच्या पिशव्या आणा, त्यांना भोकं पाडून तळाशी वाळू घालू. शनिवारी चारला आमच्याकडे करायला बसतोय. कात्र्या कमी आहेत, प्रत्येकाने आपली आणा.